फौजदारी न्यायव्यवस्थेत बंदिसुधारणेचे स्थान : खानदेशच्या इतिहासातील तीन प्रसंग

१

फौजदारी न्यायव्यवस्थेचे विवेचन करताना पोलीस, न्यायालय आणि तुरुंग ही तीन अंगे याच क्रमाने सांगण्याचा प्रघात आहे. हा क्रम सोयीचा असला तरी त्यातून एक गैरसमज दृढ होतो. गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करावा, अपराधाचा निर्णय न्यायाधीशाने द्यावा, आणि अपराध्याला सुधारण्याचे काम तुरुंगाने पाहावे, अशी कामाची वाटणी झालेली आहे असे वाटू लागते. आणि सुटलेला बंदिवान पुन्हा अपराध करताना आढळला की सारा दोष तुरुंगाच्या माथी मारला जातो. बंदिसुधारणा हे व्यवस्थेच्या शेवटी जोडलेले दालन नव्हे. तुरुंगाच्या दाराअलीकडे कोणाला, कशासाठी आणि किती काळ आत पाठवावयाचे याविषयी जे ठरते, आणि दारापलीकडे सुटलेल्या माणसासाठी समाजात जी जागा उरते, त्यांवरच तिचे यशापयश अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ खानदेशातील तीन प्रसंग येथे विचारात घेतले आहेत. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे म्हणजे स्थूलमानाने १९०६ पूर्वीचा एकसंध खानदेश जिल्हा होय.

२

पहिला प्रसंग १८२५ सालचा. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात येऊन खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, तेव्हा सातपुडा व सातमाळा या डोंगरांच्या आश्रयाने राहणाऱ्या भिल्लांशी व्यवहार कसा करावा हा नव्या राज्यकर्त्यांपुढील मोठा प्रश्न होता. गावाची राखण करण्याचे भिल्ल नाईकांचे जुने हक्क आधीच्या धामधुमीत विसकटले होते. पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने काही नाईकांना नेमणुका दिल्या व इतरांविरुद्ध फौजा धाडल्या. पकडणे, शिक्षा देणे, पुन्हा उठाव होणे आणि पुन्हा पकडणे या चक्राने सहा-सात वर्षे घेतली. प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

१८२५ साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वस्ती करून राहू इच्छिणाऱ्यांना जमीन, बी-बियाणे व तगाई देणे, आणि धाडशी तरुणांना शिस्तबद्ध पलटणीत नोकरी देणे, अशी या योजनेची दोन अंगे होती. पलटण उभारण्याचे काम लेफ्टनंट जेम्स औट्रम याजकडे आले व तिचे ठाणे धरणगाव येथे झाले. या पलटणीचा पाया कैद्यांच्या मध्यस्थीने घातला गेला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. औट्रमने पकडलेल्या भिल्लांना सौम्यपणे वागविले. त्यांतील काहींना सोडून देऊन इतरांच्या नातलगांना बोलावून आणण्यास सांगितले, आणि ते आल्यास उरलेल्यांनाही मुक्त करण्याचे वचन दिले. हा विश्वास जडल्यावर नाईकांशी बोलणे सुरू झाले आणि भरती होऊ लागली. १८९१ मध्ये पोलीस दलात विलीन होईपर्यंत ही पलटण अस्तित्वात होती.

या धोरणाचा गौरव करताना त्याचा हेतू विसरता कामा नये. मुलूख शांत राहावा व सारा नियमित वसूल व्हावा, ही सरकारची निकड होती. आणि भिल्लांच्या बंदोबस्तासाठी भिल्लांचीच योजना करण्यात राज्यकर्त्यांची चतुराईही होती. तथापि ज्याला आज आपण पुनर्वसन म्हणतो त्याची मूळ तत्त्वे, म्हणजे उपजीविका, प्रतिष्ठा आणि दिलेल्या शब्दाचे पालन, येथे स्पष्ट दिसतात. आणि ती तुरुंगाच्या भिंतींबाहेर अमलात आली.

३

दुसरा प्रसंग याच कहाणीची उलट बाजू दाखवितो. खाज्या नाईक हा भिल्ल नाईक सेंधवा घाटाच्या रस्त्याच्या रखवालीवर कंपनी सरकारचा नोकर होता. पकडलेल्या एका संशयिताच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याच्या आरोपावरून त्याला दीर्घ मुदतीची कैद झाली. मुदत पुरी होण्यापूर्वीच त्याची सुटका झाली आणि पुढे १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले. परंतु लवकरच तो बंडात सामील झाला, त्याच्या लोकांनी सरकारी खजिना लुटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे भिल्ल व इंग्रजी फौज यांची मोठी लढाई झाली.

या उठावाची कारणे एका माणसाच्या शिक्षेत शोधणे अर्थातच चुकीचे ठरेल. १८५७ च्या देशव्यापी संघर्षाचा तो भाग होता आणि खाज्या नाईकाचे स्मरण आज स्वातंत्र्ययोद्धा म्हणूनच केले जाते. परंतु दंडव्यवस्थेच्या अभ्यासकाला त्यात एक वेगळा बोध आहे. रखवालदार, कैदी आणि पुन्हा रखवालदार अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. त्याला कैदेत घालणे सरकारला साधले आणि मुक्त करून कामावर घेणेही साधले. परंतु १८२५ मध्ये ज्या विश्वासावर सारी व्यवस्था उभारली होती तो विश्वास शिक्षेच्या आणि सुटकेच्या हुकुमांनी परत आला नाही.

त्यानंतरच्या काळात कायद्याचे स्वरूप अधिक निश्चित झाले. १८६० ची दंडसंहिता व १८९४ चा कारागृह अधिनियम यांनी देशभर साचा एक केला. १८७८ च्या वन अधिनियमाने व त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी अधिनियमाने लाकूड, चराई व मद्य यांसंबंधीचे अनेक नित्याचे व्यवहार अपराधाच्या कक्षेत आले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पिढीजात वाटणारी कृती कायद्याने गुन्हा ठरली म्हणजे तुरुंगाने त्याच्यात नेमकी कोणती सुधारणा घडवावयाची, हा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर तुरुंगापाशी नसते. ते कायदा करणाऱ्यांपाशी असते.

त्या काळच्या तुरुंगांना सुधारणेचे ध्येयही नव्हते. मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ मध्ये नीतिशिक्षणाने कैदी सुधारतो ही कल्पना बाजूला सारून कठोर व कंटाळवाण्या श्रमांचा पुरस्कार केला होता. कैद्याची सुधारणा व पुनर्वसन हे तुरुंगाचे उद्दिष्ट म्हणून ठळकपणे मांडले गेले ते १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीच्या अहवालात.

४

तिसरा प्रसंग सर्वपरिचित आहे. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

या घटनेवरून तुरुंग माणसाला घडवितो असा निष्कर्ष काढला जातो तो ग्राह्य नाही. सत्याग्रही हे सुधारणेची गरज असलेले अपराधी नव्हते. आपली श्रद्धा व शिस्त ते बाहेरूनच घेऊन आले होते. सुधारणेचा कोणताही सरकारी कार्यक्रम त्यामागे नव्हता. परंतु तुरुंगात अशी गोष्ट घडावयास काय लागते, हे त्यावरून कळते. समानशील सोबती लागतात, अधिकाऱ्यांची अनुकूलता लागते, आणि मुख्यतः काळाचा भरवसा लागतो. अठरा अध्याय अठरा रविवारी पुरे करण्याचा संकल्प, आपण येथे किती दिवस आहोत हे ज्याला माहीत आहे तोच करू शकतो.

हा शेवटचा मुद्दा आजच्या स्थितीला फार जवळचा आहे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८, न्यायाधीन होते. न्यायाधीन बंदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. म्हणून त्याला सुधारावयाचे असे म्हणण्याचा अधिकारच व्यवस्थेला नाही. शिवाय त्याच्या मुक्कामाला मुदत नसते; तारीख पडते आणि पुढची तारीख येते. ज्या विभागाने आपल्या नावात ‘सुधारसेवा’ हा शब्द घेतला आहे, त्याच्या ताब्यातील बहुसंख्य माणसे अशा प्रकारे सुधारसेवेच्या कल्पनेबाहेर राहतात. ही उणीव तुरुंगाधिकाऱ्याने दूर करण्यासारखी नाही. तिचे मूळ तपासाच्या दिरंगाईत, जामिनाच्या अटी पुऱ्या न करता येण्याच्या दारिद्र्यात आणि खटल्यांच्या लांबणीत आहे.

५

उपाय कायद्याला अज्ञात आहेत असे नाही. १९३८ च्या मुंबई परिवीक्षा अधिनियमाने आणि नंतर १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने अपराध्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली समाजातच ठेवण्याचा मार्ग खुला केला. एकवीस वर्षांखालील अपराध्याच्या बाबतीत, अपराध जन्मठेपेस पात्र नसल्यास, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार केल्याखेरीज कैद देऊ नये असे १९५८ च्या अधिनियमाचे सहावे कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा हा शिक्षेचा एक नवा प्रकार मान्य केला आहे. आणि त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंदीला, गंभीरतम अपराध व काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ लोटल्यावर सुटकेची तरतूद केली आहे. या सर्व तरतुदींत एक समान सूत्र आहे : सुधारणेचा विचार न्यायाधीशाच्या आसनापाशीच सुरू व्हावयास हवा.

खानदेशचा इतिहास हेच सांगतो. १८२५ मध्ये सरकारने पकडलेल्या माणसांना शब्द दिला व तो पाळला, तेव्हा तुरुंगाने न साधलेली गोष्ट साधली. खाज्या नाईकाच्या बाबतीत शिक्षा झाली, सुटका झाली, नोकरीही मिळाली. पण विश्वास उरला नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या भिंतींआड जे निर्माण झाले ते, मुदत ठाऊक असलेल्या आणि मन मोकळे असलेल्या माणसांनी निर्माण केले. म्हणून बंदिसुधारणेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ तुरुंगाच्या दफ्तरावर थांबू नये. जळगावच्या किंवा धुळ्याच्या न्यायालयात एखाद्या सकाळी बसून, किती आरोपींना त्या दिवशी केवळ पुढची तारीख मिळाली, हे त्याने प्रथम मोजावे. सुधारसेवेला किती वाव उरला आहे, याचा अंदाज त्याला तेथेच येईल.