घरगुती उटणे : घटकांची निवड आणि पारख

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही घरोघरी पाळली जाते. आधी कोमट तेलाने मर्दन, मग उटणे आणि शेवटी ऊन पाण्याचे स्नान, असा तिचा क्रम. तयार उटण्याची पाकिटे बाजारात मुबलक असली, तरी उटणे घरीच करण्याकडे अनेकांचा कल असतो. घरचे ते शुद्ध आणि वनस्पतींचे ते निरुपद्रवी, अशी त्यामागची समजूत. यापैकी पहिली गोष्ट घटकांच्या खरेदीवर अवलंबून आहे. दुसरी सरसकट खरी नाही.

मूळ द्रव्ये

उटण्याचा एकच ठरलेला पाठ नाही. मसुरीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि मुलतानी माती हा त्याचा पाया. अंगावरचे जास्तीचे तेल टिपून घेण्याचे काम ही द्रव्ये करतात. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गव्हला, चंदन, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची साल ही सुगंधासाठी घालतात. काष्ठौषधींच्या दुकानातून ही द्रव्ये शक्यतो अखंड आणावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत, दळून वस्त्रगाळ करावीत. अखंड मूळ किंवा साल ओळखता येते. चूर्णात काय मिसळले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. नावांचा घोळही टाळावा. कपूरकाचरी हा एका वनस्पतीचा सुगंधी कंद आहे, कापूर नव्हे. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. म्हणून तो उटण्यात घालू नये.

बावचीविषयी सावधगिरी

उटण्याच्या काही पाठांत बावचीचे बी सांगितलेले असते. कोडावरील औषध म्हणून आयुर्वेदात बावची प्रसिद्ध आहे आणि तिच्या या गुणाचे कारणच येथे धोक्याचे ठरते. तिच्या बियांत सोरालेन गटातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले, की त्या जागी भाजल्यासारखा दाह होतो. लाली आणि फोड लगेच न दिसता बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतात, त्यामुळे उटण्याचा संशयही येत नाही. पुढे काळे डाग कित्येक महिने राहू शकतात. पहाटे स्नान करून दिवसभर उन्हात हिंडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बावचीचा उपयोग वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावा. घरगुती उटण्यातून ती वगळणे श्रेयस्कर. लिंबाच्या सालीतही याच प्रकारची द्रव्ये असतात. तिच्याऐवजी गोड संत्र्याची साल वापरावी.

हळदीची पारख

हळदीला गडद पिवळा रंग यावा म्हणून तीत मेटॅनिल यलो हा निषिद्ध रंग किंवा लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत. बांगलादेशातील हळदीत लेड क्रोमेटची भेसळ होत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तेथे अखंड हळकुंडांनाही या रंगाची झिलई दिली जात होती. म्हणून हळकुंडे घेतानाही अवाजवी तेजस्वी, हाताला पिवळी भुकटी लागणारी नाकारावीत. असे शिसे त्वचेतून फारसे शोषले जात नाही. परंतु दळताना उडणारी धूळ श्वासातून आणि माखलेली बोटे तोंडात घातल्याने ते मुलांच्या शरीरात जाऊ शकते. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून पाहावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते, कृत्रिम रंगाची हळद गडद. ही चाचणी प्राथमिक होय. शिशाचे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते.

चंदन आणि जटामांसी

चंदन महाग असल्याने लाकडाच्या भुशाला कृत्रिम सुगंध देऊन तो चंदनचूर्ण म्हणून विकला जातो. खात्रीचे खोड मिळाल्यास सहाणेवर उगाळून आयत्या वेळी मिसळावे. अन्यथा चंदन वगळावे. रक्तचंदन हा निराळा वृक्ष असून त्याला चंदनाचा गंध नसतो. हिमालयात उगवणारी जटामांसी अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये मोडते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. वाळा आणि नागरमोथा यांनी सुगंधाची उणीव भरून निघते.

साठवण आणि वापर

कोरडे उटणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे आणि कोरड्या चमच्यानेच काढावे. दमटपणाने पिठाला बुरशी येते. कुबट वास आल्यास ते टाकून द्यावे. दूध, दही किंवा पाण्यात कालवलेले उटणे त्याच वेळी संपवावे. इ जीवनसत्त्वाचे थेंब घातल्याने ते टिकते, हा गैरसमज आहे. हे जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबवते, जंतूंना रोखत नाही. प्रथम वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून धुवावे आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज वा पुरळ आल्यास ते उटणे वापरू नये. तान्ह्या मुलांच्या अंगाला भरड उटणे चोळू नये. भुकटी त्यांच्या नाकातोंडाजवळ उडू देऊ नये. जखम किंवा इसब असलेल्या त्वचेलाही ते लावू नये.

विक्री करायची असल्यास

स्वतःच्या घरासाठी केलेल्या उटण्याला परवाना लागत नाही. दिवाळीत उटणे तयार करून विकणाऱ्या बचत गटांनी आणि गृहउद्योगांनी मात्र नियम पाहावेत. सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीसाठी उत्पादनास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली परवाना आवश्यक आहे. महाराष्ट्रात याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करावी. ग्राहकांनीही पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची मुदत पाहूनच खरेदी करावी. घटकांच्या यादीऐवजी केवळ ‘वनौषधीयुक्त’ एवढेच लिहिलेले पाकीट न घेणेच बरे.