कालव्याला पाणी सुटलं, पण आपली पाळी कधी? समजून घ्या 'शेजपाळी'

'जायकवाडीच्या डाव्या कालव्यातून आवर्तन सुटलं' अशी बातमी आली की जालना जिल्ह्यातल्या शहागड परिसरात पाळीची चर्चा सुरू होते. पैठणहून निघणारा हा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. मग पाणी आधी कुणाला मिळणार, हे ठरतं कसं?

पाणी किती मिळणार?
पावसाळा संपला की 15 ऑक्टोबरच्या सुमारास धरणातला साठा बघितला जातो. पिण्याचं आणि उद्योगांचं पाणी बाजूला ठेवून उरलेल्या पाण्यात रब्बी आणि उन्हाळी हंगामाची किती आवर्तनं बसतात, याचं नियोजन होतं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत त्यावर चर्चा होते.

पाळी कशी लागते?
पाणी हवं असेल तर शेतकऱ्याने नमुना क्रमांक 7 चा अर्ज भरायचा असतो. मंजूर क्षेत्र आणि पीक पाहून प्रत्येकाची वेळ ठरते. शेजारी-शेजारी क्रमाने पाणी देण्याच्या या पद्धतीला 'शेजपाळी' म्हणतात.

सुरुवात शेवटाकडून का?
नियमाप्रमाणे चारीच्या शेपटाकडच्या शेताला आधी आणि मुखाकडच्या शेताला शेवटी पाणी मिळतं. उलटं केलं तर वरचे शेतकरी जास्त पाणी घेतात आणि खालच्यांपर्यंत पोहोचेस्तोवर आवर्तन संपतं. पाळी मोडून कुणी मध्येच दार उघडलं, तरी फटका शेपटाच्या शेतालाच बसतो.

पाणी वापर संस्था असेल तर?
2005 च्या कायद्यानुसार संस्थेला पाणी मोजून मिळतं. सभासदांच्या पाळ्या संस्थाच लावते.

म्हणून कालवा वाहताना दिसला तरी पाळीची तारीख विचारून घ्या!