गाडीचा रोबो होतो, पण किती दिवस? ‘ट्रान्सफॉर्मर’ खेळणं घेण्याआधी काय बघायचं

लोणार तालुक्यातलं सुलतानपूर असो की बुलढाणा जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव, ‘गाडीचा रोबो’ तिथे साधारण तीन वाटांनी पोचतो. सैलानीच्या किंवा नवरात्रातल्या यात्रेत मांडलेल्या खेळण्यांच्या दुकानांतून, तालुक्याच्या गावातल्या जनरल स्टोअरमधून आणि आता मोबाईलवर ऑर्डर करून. तिन्ही ठिकाणी खोक्यावर तोच पिवळा बंबलबी किंवा लाल-निळा ऑप्टिमस प्राइम दिसतो. किंमत मात्र दीडशे-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत कितीही असते. चित्र सारखंच असताना आतल्या वस्तूत एवढा फरक कशाने पडतो?

त्यासाठी आधी थोडा इतिहास बघू.

कार्टून नंतर आलं, खेळणं आधी

बहुतेकांना वाटतं की कार्टून गाजलं म्हणून खेळणी निघाली. झालं उलटं. जपानच्या ताकारा कंपनीची ‘डायक्लोन’ (१९८०) आणि ‘मायक्रो चेंज’ (१९८३) ही खेळणी आधीच बाजारात होती. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेतली, त्यांना नवी नावं आणि गोष्ट दिली आणि १९८४मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून विकायला आणली. कॉमिक आणि कार्टून त्यांच्याच सोबतीने आले. ऑप्टिमस प्राइम मूळचा डायक्लोनमधला ट्रक, तर बंबलबी मायक्रो चेंजमधली छोटी बीटलसारखी गाडी.

हे कळलं की एक गोष्ट लक्षात येते. त्या पहिल्या खेळण्यांत घडी आधी ठरली होती, पडद्यावरचं रूप तिच्यावरून आलं. २००७च्या सिनेमापासून गणित फिरलं. संगणकावर हजारो तुकड्यांचा रोबो आधी तयार झाला आणि खेळण्याला त्याच्यामागे धावावं लागलं. पडद्यावर काहीही चालतं. जुन्या कार्टूनमधला मेगाट्रॉन हा अवाढव्य रोबो पिस्तूल होताना सरळ आकसून दुसऱ्याच्या मुठीत मावायचा! प्लास्टिकला असं आकसता येत नाही. गाडीचे दरवाजे, टप, बोनट, सगळं रोबोच्या अंगावर कुठेतरी लपवावंच लागतं.

ते कसं लपवलंय, यावरच खेळण्याची खरी परीक्षा होते.

सेलवाला की हाताने उलगडणारा?

यात्रेत दिसतात ते बहुतेक रोबो सेलवर चालतात. खोक्यावर कधीकधी ‘डिफॉर्मेशन रोबो’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. गाडी दिवे लावत, गाणं वाजवत पळते, भिंतीला धडकून वळते आणि मधेच आपोआप उभी राहून रोबो होते. दुकानदाराने चालवून दाखवला की पोरगं हट्ट धरणारच. पण या प्रकारात रूपांतर अगदी जुजबी असतं. एखाद-दुसरा भाग उघडतो, बस्स. मुलाच्या हाताला काही कामच उरत नाही, ते नुसतं बघत बसतं. आतली छोटी मोटर किंवा दात्याचं चाक गेलं की खेळ संपला.

हाताने उलगडायच्या रोबोत मोटर नसते, सांधे असतात. कुठला तुकडा आधी फिरवायचा, कुठला नंतर, हे मूल स्वतः शोधून काढतं. माझं मत विचाराल तर पैसे सारखेच जाणार असतील तेव्हा दिवे-गाण्याचा मोह सोडून हाच घ्यावा.

सांधा कसा तपासायचा?

दुकानात नमुना उघडा असेल तर पाच मिनिटं मागून घ्या. आधी गाडी करून बघा. सगळे तुकडे ‘टक्’ करून बसले पाहिजेत. बोनट आणि दरवाजाच्या मधे बोटाचं नख सहज जाईल अशी फट राहत असेल, तर खाचा नीट पडलेल्या नाहीत असं समजा. मग ती गाडी जमिनीवर ढकला. चारही चाकं टेकतात का? स्वस्त नकलांमध्ये रोबोचे हात गाडीच्या खाली लोंबतात आणि गाडी पोटावर घासत जाते.

आता रोबो करा. तो आधाराशिवाय उभा राहतो का, हा पहिला प्रश्न. पाठीवर गाडीचं टप आणि काच यांचं मोठं बोचकं असेल, तर तो सतत मागे कलंडतो. हात वर करून सोडा. हात जागेवर राहिला तर सांधा घट्ट आहे, नव्या खेळण्यातच तो खाली पडत असेल तर महिन्याभराने काय होईल ते सांगायला नको. गुडघ्याला आणि कमरेला ‘कटकट’ आवाज करत टप्प्याटप्प्याने सरकणारा सांधा असेल तर उत्तम, कारण वजन पेलणाऱ्या जागी तोच टिकतो. गोळी-वाटीचा सांधा सगळीकडे फिरतो, पण झिजतो लवकर. त्याची एक चांगली बाजू म्हणजे जोर पडला की तो मोडण्याऐवजी निखळतो आणि पुन्हा दाबून बसवता येतो. सांध्यात धातूची पिन आहे की नुसती प्लास्टिकची खुंटी, तेही बघा. खुंटी मोडली की घरी दुरुस्त होत नाही.

नकलांचा त्रास तसा आजचा नाही. १९८५मध्येच हॅस्ब्रोने अस्सल मालावर उष्णतेने रंग बदलणारी चकती लावायला सुरुवात केली. बोटाने घासलं की त्यात रोबोच्या गटाचं चिन्ह उमटायचं. पण अस्सल म्हणजे निर्दोषच, असंही नाही. त्याच काळातल्या काही अस्सल रोबोंचं सोनेरी झाक असलेलं प्लास्टिक वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होऊन हातातच तुकडे होतं. जुनी खेळणी जमवणारे त्याला चांगलेच टरकून असतात.

खोक्यावरचं ‘३+’ काय सांगतं?

इथे बरेच पालक चुकतात. ‘आमचा बारक्या हुशार आहे, त्याला जमेल’ म्हणून दोन वर्षांच्या मुलाला ३+ लिहिलेला रोबो दिला जातो. हा आकडा अनेकदा हुशारीसाठी नसतोच, तो सुटणाऱ्या बारीक तुकड्यांसाठी असतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून ती थोडीच रुंद. कुठलाही सुटा तुकडा तिच्यात पूर्ण मावला की ते खेळणं त्या वयासाठी नापास, कारण तो घशात अडकू शकतो. रोबोची बंदूक, मूठ, तलवार हे सगळं तिच्यात आरामात मावतं. म्हणजे रोबो आठ वर्षांच्या दादाचा असला, तरी घरात रांगणारं बाळ असेल तर त्याचाही हिशेब धरायला हवा.

सगळ्यात मोठा धोका मात्र बटण सेलचा. छोट्या रोबोंच्या छातीतला दिवा किंवा आवाज बहुतेक वेळा त्याच्यावरच चालतो. तो गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. सेल जुना झाला, दिवा लागेनासा झाला, तरी त्यात इजा करण्याइतकी ताकद उरलेली असते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, ‘शीतून पडेल’ म्हणून थांबू नका, थेट एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गावापासून तिथपर्यंतचा रस्ता या दोन तासांतूनच वजा होतो. म्हणून घेतानाच बघा, सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का? नखाने उघडत असेल तर तो रोबो तिथेच ठेवून द्या, कितीही छान असला तरी.

शिक्का खरा आहे का?

केंद्र सरकारच्या २०२०च्या खेळणी गुणवत्ता आदेशानुसार १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. देशी आणि आयात, दोन्ही मालाला. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्याला आयएस ९८७३, सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह कोणीही छापू शकतं, त्यामुळे तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. परवाना कुणाचा, कुठल्या वस्तूसाठी आणि चालू आहे का, हे कळतं. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर त्याच ॲपवरून तक्रार करता येते. पैशांच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे.

ऑनलाईन घेताना खोक्यापेक्षा आकार वाचा. फोटोत मांडीएवढा दिसणारा रोबो प्रत्यक्षात तळहाताएवढा निघतो, हा अनेकांचा अनुभव. उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, ती पट्टीवर धरून बघा. रूपांतराच्या पायऱ्या किती, तेही लिहिलेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस पायऱ्यांचा रोबो दिला तर तो रोज रात्री तुमच्याकडेच येणार, ‘पप्पा, गाडी करून द्या ना’ म्हणत. खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, तुटका माल परत करताना तोच कामाला येतो.

आणि घरातल्या रोबोचा गोळी-वाटीचा सांधा ढिला झाला असेल तर फेकू नका. गोळी बाहेर काढून तिच्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या आणि रात्रभर पूर्ण वाळू द्या. ओलं असतानाच बसवलं तर सांधा कायमचा चिकटेल. तरी ढिला वाटला तर आणखी एक हात.