भूक, द्वेष आणि तरुणांचे काम : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

हिंसक अतिरेकाला आळा घालणे आणि मुलांचे दारिद्र्य हटवणे ही कामे सरकारदरबारी दोन निरनिराळ्या खात्यांत मोडतात. वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून आलेले तरुण जेव्हा ही दोन्ही कामे एकत्र हाती घेतात तेव्हा काय घडते, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय. डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२५० संमत केला आणि शांततेच्या कामात तरुणांचा वाटा मान्य केला. महाराष्ट्रात मात्र ही वाट कितीतरी आधी मळलेली आहे. नव्या अभ्यासकाने ती इथूनच चालायला घ्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात ताम्हिणीपासून करू. पौडहून मुळशी धरणाच्या काठाने आलेला रस्ता इथे सह्याद्रीच्या धारेवर पोचतो आणि घाट उतरून निजामपूर, माणगावकडे जातो. पावसाळ्यात धबधबे पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. याच परिसरात, घाटाच्या वर आणि खाली, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारी ही जमात जंगलावर निर्बंध आले तशी कोळसाभट्टी आणि वीटभट्टीच्या मजुरीला लागली. पावसाळ्यात घरातले धान्य सरते, भट्टीमालकाकडून उचल घ्यावी लागते आणि दिवाळीनंतर ती फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. परतायचे ते पावसाच्या तोंडावर. शाळेचे निम्मे वर्ष त्यात बुडते. ओल्या विटा उन्हात उलटत जाणे हे हलक्या हातांचे काम, म्हणून ते मुलांच्या वाट्याला येते. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली, शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. उचलीची पद्धत मात्र टिकून आहे.

या वाड्यांतल्या गरिबीने दंगलखोर जन्माला घातले नाहीत. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने एक समीकरण दाराबाहेरच ठेवावे : गरीब मूल म्हणजे उद्याचा अतिरेकी. द्वेषाच्या संघटना चालवणाऱ्यांत शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसे कमी नसतात, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. मुलाला जेवू घालण्यासाठी सुरक्षेची सबब लागू नये. त्याची उपासमार हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि तेवढे कारण पुरे.

मग या दोन कामांचा सांधा कुठे जुळतो? माझ्या मते तो काम करणाऱ्या तरुणांमध्ये जुळतो. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेतला प्रवेश यांसाठी तहसील कचेरीत एकत्र हेलपाटे घालणाऱ्या मुलामुलींना एकमेकांचा स्वभाव कळतो, घरे कळतात. पुढे एखाद्या रात्री अफवा उठली, तर खरेखोटे कुणाला विचारायचे हे त्यांना ठाऊक असते.

याची सर्वात ठळक साक्ष भिवंडीची. १९७० आणि १९८४ साली हे यंत्रमागांचे गाव दंगलींत होरपळले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस एका बैठकीत बसू लागले, वस्तीतले रोजचे तंटे तिथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२च्या ग्रंथातला निष्कर्षही याच दिशेचा आहे. शेजारपाजारची सहज ओळख मोठ्या शहरांत पुरत नाही. मंडळे, संघटना, व्यवसाय यांतून बांधलेले संबंध हिंसेच्या लाटेत अधिक टिकतात.

मुलांच्या बाजूने हाच धागा राष्ट्र सेवा दलात सापडतो. हे संघटन १९४१ साली पुण्यात उभे राहिले, जातीधर्मापलीकडे तरुण घडवण्यासाठी. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पन्नालाल सुराणा आणि सेवादलाच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारले आणि आधार गमावलेल्या मुलांना तिथे वाढवले. धर्मनिरपेक्षतेची शपथ घेतलेल्या पिढीला ती पुढे मुलांच्या जेवणात आणि अभ्यासात पाळावी लागली. ताम्हिणीचा घाट उतरून गेलात तर माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे; तिथे मुलांची, तरुणांची शिबिरे भरतात. त्याच रायगडात उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनाने कातकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न लावून धरला. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, म्हणजे मूल जिथे राबते तिथेच शाळा नेली.

या क्षेत्रातले मोठे प्रश्न अजून सुटायचे आहेत. टळलेली दंगल मोजायची कशी? सर्वधर्मीय मंचावर कातकऱ्याच्या देवांना जागा आहे का, की तो आपोआप कुणाच्या तरी खात्यात मांडला जातो? आणि वाडीतला तरुण या कामात कायम मदत घेणाराच राहणार, की ते काम ठरवणाऱ्यांतही बसणार? शेवटचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. भिवंडीचा अनुभव सांगतो की ज्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे, त्यांची खुर्ची बैठकीत पहिल्या दिवसापासून असावी लागते.

समाजशास्त्राचा विद्यार्थी, मशिदीतला वा चर्चमधला तरुण कार्यकर्ता, गणेशमंडळाचा पदाधिकारी, बुद्धविहारात शिकवणी घेणारी मुलगी, आश्रमशाळेचा शिक्षक, या सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. ग्रंथ जरूर वाचा. त्याबरोबर जवळच्या एका वाडीची यादी करा. कोणते मूल कोणत्या महिन्यात भट्टीवर जाते, त्याचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, घराने किती उचल घेतली आहे. ही यादी दुसऱ्या धर्माच्या सोबत्याबरोबर बसून करा, आणि दिवाळीच्या आधी करा. भट्टीमालकाचा ट्रक वाडीत आल्यावर फार उशीर झालेला असतो.