आत गेलेलं बाहेर कधी येतं?

मागच्या महिन्यात बाबांचा सीटी स्कॅन होता. 'डाय' टोचणार म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "हे बाहेर कधी येणार रे?" टेक्निशियन म्हणाला, "काका, भरपूर पाणी प्या." बस्स! शेजारी इंजिनिअर मुलगा गप्प. म्हणून शनिवारी वाचत बसलो आणि थोरोट्रास्टपाशी थबकलो.

१९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनीझने जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. (लोबोटोमीसाठी १९४९ चं नोबेल मिळालेला तोच हा. तो विषय वेगळाच!) त्यासाठी टोचलेलं सोडियम आयोडाइड रुग्णांना फार त्रास द्यायचं. मग जर्मनीतून थोरोट्रास्ट आलं. थोरियम डायॉक्साइडचे नॅनोमीटरमध्ये मोजावेत इतके बारीक कण, द्रवात तरंगत ठेवलेले. चित्र झकास, रुग्णाला त्रास नाही. १९३१ पासून मोनीझही तेच वापरू लागला.

थोरियम किरणोत्सारी आहे हे माहीत नव्हतं असं नाही हं. १९३२ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने इशारा दिला होता. पण रुग्ण ठणठणीत घरी जात होते, मग कोण ऐकतो? १९५० च्या दशकापर्यंत वापर चालू राहिला.

आत काय चाललं होतं? यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी रक्तातला कचरा गिळतात. जिवाणू असेल तर पचवतात. हे कण त्यांनी गिळले, पण पचणार कसे? पेशी मेली की कण दुसरीच्या पोटात. आमच्या भाषेत मेमरी लीक: जागा अडवली, सोडायचं नाव नाही. बहुतेक माल यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत आयुष्यभर मुक्कामाला. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं, म्हणजे तिकडूनही सुटका नाही. त्याचे अल्फा कण ऊतींमध्ये केसाच्या जाडीइतकेही लांब जात नाहीत, सगळा मारा शेजारच्या पेशींवर. वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग दिसू लागले. त्यातला अँजिओसार्कोमा तर एरवी अगदीच दुर्मीळ.

आणि गंमत बघा, याच पेशींना चुकवायची युक्ती पुढे औषधाच्या कामी आली. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिलमध्ये कर्करोगाचं औषध मेदाच्या नॅनोपिशवीत भरलेलं असतं. वरून पीईजीचं आवरण, म्हणून भक्षक पेशींना ती चटकन सापडत नाही. शिवाय पिशवी शेवटी विरघळते, हे जास्त महत्त्वाचं.

असो. बाबांना सांगितलं, तुमचा डाय म्हणजे विरघळलेले आयोडीनयुक्त रेणू, कण नव्हेत. किडनी ठीक असेल तर साधारण एका दिवसात बाहेर.

"मग त्या पोराला एवढं सांगायला काय झालं होतं?" बाबा म्हणाले.