गलाई बांधव आणि गावचे देणे

आपल्या मंडळाची वर्गणीची यादी वाचली तर खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्यातील तालुक्यांची माणसे किती आहेत ते लगेच लक्षात येते. घरात मराठी, दुकानात तमीळ आणि बाजारात ओळख 'गलाईवाले'! मीही त्यातलाच. नवी पिढी विचारते, "आपण कोइमतूरला आलो कसे?" म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला मुलूख पर्जन्यछायेचा. येरळा आणि अग्रणी उन्हाळ्यात कोरड्या ठाक. स्वातंत्र्यापूर्वीच काही धाडसी माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी परमुलखात गेली होती. 1972 च्या दुष्काळानंतर मात्र घरटी एक माणूस निघाला म्हणावे असा ओघ लागला. केरळपासून काश्मीरपर्यंत जिथे सराफ बाजार, तिथे आपला माणूस.

काम कष्टाचे. मोडीचे दागिने टाकणखार घालून मुशीत वितळवायचे. सोने पातळ व्हायला 1064 अंश सेल्सिअस उष्णता लागते. मग त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून पातळ पत्रे करायचे आणि तेजाबात उकळायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवायची. तो तांबूस धूर घशात बसतो, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. त्यात 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो 1990 मध्ये उठेपर्यंत धंदा जीव मुठीत धरूनच चालला.

या धंद्यात भांडवलापेक्षा विश्वास मोठा. सोने दुसऱ्याचे, गुंजभर कमी भरले तर जाब कोणाला विचारणार? म्हणून दुकानात मुलगा हवा तो गावचाच, ज्याच्या बापाला आपण ओळखतो. शेठ यात्रेला गावी जायचे आणि येताना एखादे पोर घेऊन यायचे. राहणे-जेवणे दुकानातच, पगार परस्पर घरी. चार-पाच वर्षांत पोराला टंच कळू लागला की शेठच हातउसने देऊन दुसऱ्या शहरात त्याचे दुकान घालून देत. मग तोही आपल्या भावकीतला मुलगा नेई.

गावाकडच्या देवळांत देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आपण पाहतोच. सभामंडप, कमान, शाळेच्या खोल्या, विहिरी यांत गलाई बांधवांचा पैसा आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेला लांबलांबून आलेली माणसे भेटतात, तिथेच वर्गणीचे आकडे ठरतात. पण माझ्या मते गावाला मिळालेले सर्वांत मोठे देणे कोणत्याच पाटीवर नाही. ते म्हणजे दुष्काळातून उचलून नेलेले एकेक पोर. (कळसाला मोठा आकडा घालणारा हात शाळेच्या खोलीला आखडतो, ही माझी जुनी तक्रार आहे, रागावू नये!)

या देण्याची किंमतही गावानेच मोजली. तरणी माणसे बाहेर, गावात म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेले बंगले. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या योजनेला 1996 मध्ये मंजुरी मिळाली. ते पाणी आपल्या माळांवर पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. आता द्राक्षे-डाळिंबे होतात आणि कोणी कोणी परतूही लागले आहेत.

इकडे धंदाही बदलला. कसोटीच्या दगडावर नजरेने काढायचा टंच यंत्र मिनिटाभरात सांगते. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दुकानाला गावाहून पोरगा आणायची गरज उरली नाही आणि इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना गावातली चार घरेही नावाने सांगता येत नाहीत. पाट्या वाढल्या, ये-जा घटली.

यंदा गावाहून आलेले पत्र शाळेच्या दोन खोल्यांसाठी आहे. यादी आरतीनंतर मंडपातच ठेवली जाईल. सही करताना मुलांना सोबत आणावे आणि चैत्रात त्यांनाही गावी न्यावे, एवढी विनंती.