एका दिवसाची शर्यत आणि वर्षभराचा हिशेब

एका दिवसाचा पराक्रम मोठा, की वर्षभराचे सातत्य मोठे, हा वाद शाळेच्या परीक्षेपासून राजकारणापर्यंत सर्वत्र चालतो. युरोपातील सायकलशर्यतींच्या जगाने तो मिटविण्यासाठी एक युक्ती काढली. निरनिराळ्या गावी होणाऱ्या शर्यती एका सूत्रात ओवायच्या, प्रत्येकीतील क्रमांकाला गुण द्यायचे, आणि हंगाम संपला की बेरीज करून सर्वश्रेष्ठ कोण ते जाहीर करायचे. युक्ती साधी आहे. तिचा इतिहास मात्र तितका साधा नाही. तोच आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या शर्यतींची ओळख करून घेऊ. सकाळी निघायचे, दोनशे ते तीनशे किलोमीटर अंतर कापायचे आणि त्याच दिवशी निकाल लावायचा, असे यांचे स्वरूप. लिएज-बास्तोन-लिएज ही शर्यत १८९२ मध्ये सुरू झाली, पॅरिस-रूबे १८९६ मध्ये, लोम्बार्दीची १९०५ मध्ये, मिलान-सान रेमो १९०७ मध्ये आणि फ्लँडर्सची १९१३ मध्ये. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा चढ भल्याभल्यांचा कस पाहतो, हे आपण जाणतोच. तसा प्रत्येकीचा आपला एक घाट आहे. पॅरिस-रूबेचा घाट म्हणजे चढ नव्हे, तर शेतांमधून जाणारी ओबडधोबड दगडी फरसबंदी. पाऊस पडला की चिखल आणि ऊन पडले की धूळ, असा तिचा खाक्या.

या शर्यती कोणी सुरू केल्या? पॅरिस-रूबेची कल्पना रूबेच्या दोन गिरणीमालकांची. पण तिला हात लागला तो एका क्रीडापत्राचा. लोम्बार्दी आणि सान रेमो यांच्यामागे ‘गाझ्झेत्ता देल्लो स्पोर्त’ हे इटालियन पत्र होते, तर फ्लँडर्सच्या मागे ‘स्पोर्तवेरेल्ड’ हे बेल्जियन पत्र. शर्यत झाली की वृत्तांत छापायचा आणि वृत्तांत छापला की अंक खपायचा. खेळाच्या भक्तीत व्यापाराचा हात पहिल्यापासूनच होता, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

दुसरे महायुद्ध संपले आणि १९४८ मध्ये फ्रान्स, इटली व बेल्जियम येथील चार वृत्तपत्रांनी एकत्र येऊन ‘देग्रांज-कोलोम्बो’ स्पर्धा काढली. आंरी देग्रांज हे फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘टूर’चे जनक, आणि एमिलिओ कोलोम्बो हे ‘गाझ्झेत्ता’चे संपादक, दोघेही तेव्हा हयात नव्हते. कालपरवापर्यंत युद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या देशांच्या पत्रांनी दोन दिवंगतांची नावे एका जोडशब्दात गुंफावी, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. स्पर्धेत एकदिवसीय शर्यतींच्या जोडीला फ्रान्स व इटलीच्या दीर्घ शर्यतीही होत्या. गुण हवे असतील तर आपला देश सोडून परक्या रस्त्यावर उतरणे आले. पहिल्या वर्षी बेल्जियमचा ब्रीक स्खोते जिंकला, १९४९ मध्ये इटलीचा फाउस्तो कोप्पी. स्वित्झर्लंडचा फर्दी क्युब्लर आणि बेल्जियमचा फ्रेद द ब्रॉइन यांनी ती प्रत्येकी तीनदा जिंकली. परंतु १९५८ नंतर ती बंद पडली. शर्यती थकल्या नव्हत्या की स्पर्धक थकले नव्हते. आयोजकांचेच आपापसांत पटेना!

रिकामी जागा फार दिवस राहिली नाही. वृत्तपत्रे गेली आणि मद्यविक्रेता आला. पेर्नो हे बडीशेपेच्या वासाचे फ्रेंच मद्य. त्याच्या नावाची ‘सुपर प्रेस्टीज’ स्पर्धा १९५९ पासून जवळजवळ तीन दशके चालली. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ ते १९७५ अशी सलग सात वर्षे ती जिंकली. ज्याला एक दिवसही पुरतो आणि सारा हंगामही पुरतो असा मर्क्स शतकातून एखादाच. शेवटचा विजेता आयर्लंडचा स्टीफन रोश, १९८७ चा. मद्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा फ्रान्समध्ये झाला आणि खातेवही मिटली.

तिसरी खातेवही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने उघडली. १९८९ पासून २००४ पर्यंत चाललेला हा ‘विश्वचषक’ केवळ एकदिवसीय शर्यतींचा होता. पहिला चषक आयर्लंडच्या शॉन केलीने मिळविला. नवे प्रदेश जिंकण्याची हौस संघटनेला होतीच. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल, ब्रायटन, लीड्स अशी गावे फिरत एक शर्यत भरविली. कॅनडात माँट्रियलची एक शर्यत यादीत घेतली. दोन्ही रुजल्या नाहीत. कलम बाजारातून आणता येते, मुळे आणता येत नाहीत. फ्लँडर्सच्या चढावर आजोबा ज्या ठिकाणी उभे राहिले तेथेच नातू उभा राहतो. ही गर्दी गुणांसाठी जमत नाही.

आता २००४ या अखेरच्या वर्षाकडे पाहू. इटलीच्या दाविदे रेबेल्लिनने एप्रिलमध्ये ॲम्स्टेल गोल्ड आणि लिएज या चषकातील दोन शर्यती आठवड्याच्या अंतराने जिंकल्या. त्याचाच देशबांधव पाओलो बेत्तिनी याने त्या वर्षी चषकातील दहांपैकी एकही शर्यत जिंकली नाही. पण कधी दुसरा, कधी तिसरा असे करीत त्याने गुण साठविले. दुसऱ्याला ७० गुण होते, तिसऱ्याला ५०. हंगाम संपला तेव्हा रेबेल्लिनला मागे टाकून बेत्तिनीने सलग तिसऱ्यांदा चषक उचलला. गंमत अशी, की त्याच ऑगस्टमध्ये अथेन्सची ऑलिंपिक शर्यत त्याने जिंकली होती. पण ती या खातेवहीत धरली जात नव्हती!

मग हा निकाल खोटा म्हणावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, दगडांवर आणि डोंगरांवर, पहिल्या काहींत राहणे हाही पराक्रमच आहे. परंतु तो विजयाचा पर्याय नव्हे. बेरीज सातत्य मोजते. जिद्दीचा तो एक क्षण तिच्या रकान्यात मावत नाही.

या पद्धतीचे सर्वांत मोठे ऋण मात्र स्त्रियांच्या खेळावर आहे. त्यांचा विश्वचषक १९९८ मध्ये सुरू झाला. पहिली विजेती लिथुएनियाची दिआना झिलिउते. हॉलंडच्या मारिआन फोसने तो पाच वेळा जिंकला. विखुरलेल्या, दुर्लक्षित शर्यतींना या चषकाने एक माळ दिली. २०१५ नंतर त्याची जागा ‘वर्ल्ड टूर’ने घेतली, आणि १८९६ पासून पुरुषांपुरती राहिलेली पॅरिस-रूबे अखेर २०२१ मध्ये स्त्रियांचीही झाली.

पुरुषांच्या बाबतीत २००५ मध्ये एकदिवसीय आणि दीर्घ शर्यती एकाच ‘प्रो-टूर’मध्ये मिसळण्यात आल्या, आणि संघटना व मोठ्या शर्यतींचे आयोजक यांच्यात पुन्हा तेच भांडण उभे राहिले, जे १९५८ मध्ये पाहिले होते.

तात्पर्य काय? गुणांची वही कोणी ना कोणी ठेवीत असतो: कधी पत्रकार, कधी मद्यविक्रेता, कधी संघटना. ज्याची वही, त्याचे हित तिच्यात उतरतेच. म्हणून वही टाकून द्यावी असे नव्हे. तिच्यामुळेच स्पर्धकांनी सरहद्दी ओलांडल्या आणि स्त्रियांना व्यासपीठ मिळाले. तथापि शर्यतीचे मोल वहीने ठरत नाही, एवढे भान राहावे. तीन वह्या मिटल्या. रूबेचे दगड मात्र जागच्या जागी आहेत, आणि दर वसंतात त्यांच्यावरून चाके धावतात.